खळ्यावरचे बूट

लोणावळे, ता. १२ जून १९२०

चि. सोपान यास महिपतीचे अ. उ. आ.

तुझे पत्र पावले. लढाई संपून दीड वर्ष झाले तरी सरकारने तुझी पलटण तिकडे बगदादकडेच ठेवली, याचे आबांना वाईट वाटते. गावी परंदवडीस बाकी ठीक. आबांचा गुडघा धरतो, पण शेतात जायचे काही सोडत नाहीत. नंदाबाई त्यांची काळजी घेते. तुझी बायको म्हणून सांगत नाही, फार गुणाची आहे.

आता मुद्दा. बाहीवर एक फीत तुला आहेच. अजून दोन वर्षांच्या नोकरीची सही केलीस तर दुसरी मिळून नाईक होशील. तुझ्या वहिनीने बजावले आहे की, नाईक झालात तरी भाकरीवर तूप मागून मिळणार नाही. ज्या सरकारने तुर्काला लोळवले, त्याला तिथली कुरबुर करणारी चार खेडी किती दिवस जड जाणार? सही करून टाक. लोभ आहेच, तो पत्रातून कळत जावा.

तुझा भाऊ, महिपती

फुरात नदीकाठ, ता. २८ जुलै १९२०

ती. भाऊंचे चरणी सोपानचा शि. सा. न. वि. वि.

टपालातली पत्रे साहेब वाचतात, म्हणून हे आजारी होऊन घरी परतणाऱ्या आपल्या गावच्या कोंडाजीच्या हाती देतो.

चार खेडी म्हणता. विमाने आमची, तोफा आमच्या, आणि जिंकतोही आम्हीच. पण जिंकलेल्या गावात राखण बसवावी लागते, राखणीला रसद लागते, रसदेच्या वाटेवर पुन्हा राखण. तुम्ही घाटातली रेल्वेची लाइन सांभाळता, तुम्हाला कळेल. इथे लोक रूळ उचलून नेतात, आम्ही बसवतो, ते पुन्हा उचलतात. तुर्कापासून सोडवायला आलो, असे आम्ही त्यांना सांगितले होते. एका म्हाताऱ्याने दुभाष्याकरवी विचारले, तुर्क गेला, आता तुम्ही कधी जाणार? साहेबांनी दुभाष्याला पुढे चालायला सांगितले.

गेल्या आठवड्यात एका गावात बंदुका शोधायला गेलो. खळ्यावर जवाची रास होती. हुकूम झाला, रास उलथा आणि पेटवा. मी खळ्याच्या कडेला बूट काढले. भाऊ, विचार करून नाही, हात आपोआप गेले. आबांनी आपल्याला कधी वहाणेने खळ्यावर चढू दिले का? अख्खे गाव माझ्या पायांकडे बघत होते. मग रास पेटवणे मला जमेना. नाही म्हणालो. फीत गेली, कैद मिळाली. रास दुसऱ्यांनी पेटवली. बंदूक एकही सापडली नाही, आणि त्या दुपारपर्यंत घरात बसलेले ते गाव रात्री आमच्यावर गोळ्या झाडत होते.

सही केली तर फीत परत देऊ म्हणतात. मी करणार नाही. वहिनींना म्हणावे, तूप नको, कोरडी भाकरी ठेवा. माया आटू देऊ नये.

आपला, सोपान

लोणावळे, ता. ९ सप्टेंबर १९२०

चि. सोपान यास अ. उ. आ.

तुझे पत्र वाचून डोके फिरले. मुलूख त्यांचा, खळे त्यांचे, तुला काय पडले होते? मी इथे नाईकाचा भाऊ म्हणून मिरवायला लागलो होतो. आबांना मी काही कळवलेले नाही, त्यांना ते सोसायचे नाही. अजून वेळ गेलेली नाही. सही कर. लोभ ठेवावा असे मी आज लिहीत नाही.

महिपती

बगदाद, ता. २५ ऑक्टोबर १९२०

ती. भाऊंस शि. सा. न. वि. वि.

हेही घरी परतणाऱ्या एकाच्या हाती देतो. सही केली नाही. महिन्या-दोन महिन्यांत घरी पाठवतील. इथली गावे थकली आहेत, साहेब म्हणतात जिंकलो. आणि आता म्हणे कारभार त्यांचा त्यांच्याच हाती देणार. एवढी माणसे मारून हे सुचले. तुमचा राग उतरेल तेव्हा उतरो, बूट काढल्याचे मला दुःख नाही.

सोपान

परंदवडी, ता. ६ डिसेंबर १९२०

चि. सोपान यास अ. उ. आ.

मळणीला आलो आहे. काल खळ्यावर आंबेमोहोराची रास पडली होती आणि आबा भात उफणत होते. तेवढ्यात भरतीचे जमादार शिपाई घेऊन आले. पलटणीसाठी पोरे हवी होती. बोलत बोलत ते बुटांसकट खळ्यावर चढले. आबांनी बूट काढायला सांगितले. जमादार हसून म्हणाले, हे सरकारचे बूट आहेत.

आबा म्हणाले, "मंग सरकारला म्हनावं भाईर हुबं ऱ्हा. माज्या ल्योकानं तितं काडलं, तुमी हितं काडा."

मी थक्क झालो. कोंडाजीने त्यांना केव्हाच सगळे सांगितले होते. जमादार आवाज चढवून बोलले, पण आबा जागचे हलले नाहीत. नंदाबाई सूप घेऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली, मग एकेक करून सगळे गाव खळ्याच्या कडेने उभे राहिले. कुणी शिवी दिली नाही की दगड उचलला नाही. जमादार खाली उतरले आणि एकही पोर न घेता गेले.

तेव्हा आबा माझ्याकडे वळले. माझ्या पायात रेल्वेचे बूट होते. मी ते काढले आणि मग त्यांच्या हातची पाटी घेतली.

फितीवाचून ये. तूप मी स्वतः वाढीन.

तुझा, महिपती