तुझ्या हाताकडे बघत राहिलो

दि. ९ जानेवारी

चि. बारक्यास दादाचे अनेक आशीर्वाद.

परवा अंतिम सामना संपल्यावर न भेटता सटकलास. तुझ्या वहिनीने झाकून ठेवलेलं ताट शेवटी मलाच संपवावं लागलं. तेव्हापासून पोटात हवा धरली आहे. टायरवाल्याला शोभतंच म्हणा.

तिने विचारलं, एवढं बिनसलं काय? तिला सॉफ्टबॉलचं काही कळत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगितलं. शेवटचा डाव, एका धावेचा फरक, तिन्ही बेसवर मुली, एकच बाद. अशा वेळी आतल्या मैदानात उंच, सोपा झेल उडाला की पंचाने चेंडू हवेत असतानाच हात वर करून बॅटवालीला बाद द्यायचं. मग झेल धरो नाहीतर सुटो. याला इनफिल्ड फ्लाय म्हणतात. नाहीतर झेलाखालची मुलगी मुद्दाम चेंडू पाडते, आणि झेल होणार या भरवशावर बेसला चिकटून राहिलेल्यांपैकी दोघी फुकट बाद होतात. म्हणजे भरवशावर थांबलेल्यांसाठी केलेला नियम. तुझी वहिनी म्हणाली, मग तुम्ही हात का नाही वर केला?

ते तुला ठाऊक आहे. होम प्लेटमागून, म्हणजे बॅटवालीच्या पाठीमागून, मला झेल घेणारीचं तोंड दिसतं, पाय नाहीत. ती चेंडूखाली स्थिरावली का, हे तू, बेसवरचा पंच, जवळून बघतोस. तुझा हात वर गेला की माझा. सुरुवातीपासून आपली हीच रीत. परवा मी बघतच राहिलो, आणि तुझा हात मांडीला चिकटलेला. चेंडू पडला, दोघी बाद, सामना संपला. हरलेल्या पोरी मैदानातच बसून रडल्या.

मुख्य पंच मी, म्हणून समिती माझं पंचपद काढायच्या बेतात आहे. पुढच्या सोमवारी बोलावलं आहे. मी अजून तोंड उघडलेलं नाही. तुझ्या मनात काय होतं ते तूच लिही. वाट बघतो.

तुझा
दादा

दि. १२ जानेवारी

ती. दादांस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अहो, वारा होता. चेंडू हेलकावत होता, ती मुलगी खालून धडपडत होती. त्याला सोपा झेल कसं म्हणायचं? आणि मुख्य पंचाला हात वर करायला माझी परवानगी थोडीच लागते? समितीलाही मी हेच सांगितलं. दादांचं वय झालं, हल्ली कानांनी कमी ऐकू येतं, असंही म्हणालो. तुमच्या भल्यासाठीच. सन्मानाने निवृत्त तरी करतील.

एक आनंदाची बातमी. जिंकलेल्या क्लबने मला प्रशिक्षक नेमलं आहे. हे आधीपासूनच चाललं होतं, भलता संबंध लावू नये. वहिनींना नमस्कार. राग नसावा.

आपला
बारक्या

दि. १५ जानेवारी

चि. बारक्यास आशीर्वाद.

नेमणुकीबद्दल अभिनंदन. माझ्या कानांचं वाचून हसू आलं. गिऱ्हाईक गाडीतून उतरायच्या आत कुठल्या चाकातून हवा जाते ते मी आजही सांगतो.

सामन्यानंतर मी मैदानामागच्या नळावर तोंड धूत होतो. भिंतीपलीकडे, चेंडू पाडणारी ती मुलगी मैत्रिणीला खिदळत सांगत होती, की बेसवरच्या पंचकाकांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं, उंच चेंडू आला तर खुशाल पाड, मी हात वर करणार नाही. आणि थोरले माझ्याकडे बघितल्याशिवाय हात उचलत नाहीत, त्यांची काळजी नको.

पहिलं मी कसंबसं गिळलं असतं. दुसरं घशाखाली उतरत नाही.

पहिलं पत्र लिहिताना मला हे सगळं माहीत होतं रे. तुला बोलायला जागा ठेवली होती. तू वारा पाठवलास. त्या दिवशी मैदानावरचा चुनासुद्धा हलत नव्हता.

त्या पोरीला मी दोष देत नाही. मोठ्या माणसाने सांगितलं, तिने केलं. सोमवारी समितीसमोर नळावरचं ऐकलेलं सांगणार आहे. माझं पंचपद गेलं तर जाऊ दे, पण सामना त्या रडलेल्या पोरींना परत खेळायला मिळाला पाहिजे. तुलाही बोलावलं आहे असं कळलं. ये. समोरच बस. पण आता मी तुझ्याकडे बघणार नाही. माझा हात मीच वर करीन.

मुलांना गोड पापा. तुझ्यावरचा लोभ कुठून गळतोय, तेवढं मात्र या कानांना अजून सापडलेलं नाही.

दादा