वजन आल्यावर आवळायचे बोल्ट

आप्पा, तुमची गाडी अजून आहे. रंग उडालाय, पण वासोण्याकडचा चढ ती अजून कुरकुर न करता चढते. कुरकुर करायला मी आहेच. गेल्या वर्षी पुढून खट् खट् वाजू लागलं, तेव्हा आमलीतल्या एका गॅरेजवाल्याने चाक धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश बदलले. गाडी जॅकवर असतानाच बोल्ट करकचून आवळले. वर्षभरात रबर फाटलं. म्हणून आज रविवारी सकाळी नवे बुश घेऊन मीच खाली शिरलो.

तुम्ही खडोलीच्या कारखान्यात आठवडाभर मशिनी दुरुस्त करायचात, तरी रविवारी पान्याशिवाय चैन पडायचं नाही. मी कॉलेजात होतो. हुशारी दाखवायला मी चाक अधांतरी असतानाच बोल्टवर जोर लावला आणि तुम्ही पाना हातातून काढून घेतलात. "चाक लटकेल शे ना, आते नको आवळू. रबर पिळाई जाई." मग चारही चाकं वीतभर उंच लाकडी ठोकळ्यांवर, आणि आईला हाक. घरचं माणूस आत बसल्याशिवाय बोल्ट शेवटचे आवळायचे नाहीत, हा तुमचा नियम. आई पुढच्या सीटवर मांडीत मेथी घेऊन निवडत बसते, खालून तुम्ही विचारता, "बसनी का नीट?" शेजारचे गुजराती काका हसतात, "गाडी ऊभी ने बेन फरवा चाल्यां." गाडी उभीच आणि बाई निघाल्या फिरायला! तुम्ही मात्र हसत नाही. लटकत्या चाकावर आवळलेलं रबर जमिनीवर आलं की पिळलेलंच राहतं, हे मला दोनदा समजावता.

आईचंही तसंच झालंय, आप्पा. वापीच्या वाटेवर त्याच पुढच्या सीटवर तुम्ही मान टाकलीत, ती मागून तुमचं डोकं धरून बसली होती. त्यानंतर ती या गाडीत बसलेली नाही. लग्नाकार्याला बसने, नाहीतर जातच नाही. आता तिच्या मणक्याची चकती सरकलीय आणि उद्या वापीला डॉक्टरांकडे न्यायचंय. धक्के बसू देऊ नका, असं त्यांनी बजावलंय. ती म्हणते, "मी नही बसाव त्या गाडीमा. रिक्षा भली." त्या रस्त्यावर रिक्षा! मी चिडलो, नको ते बोललो. दोन दिवस आमच्यात जेवायला वाढण्यापुरतंच बोलणं आहे.

आज सगळं बसवून गाडी ठोकळ्यांवर आणली आणि वजनासाठी गव्हाची गोणी ओढत निघालो. आई दारात उभी. "गोणी कसाले?" मी सांगितलं, आप्पांचा नियम. गोणी तिथेच टाकून मी आधी खाली शिरलो, बोल्ट पुसत राहिलो. थोड्या वेळाने चढण्यासाठी फरशीवर पाट सरकवल्याचा आवाज आला, दार उघडलं, आणि माझ्या डोक्यावर गाडी किंचित खाली बसली. गोणी अजून बाहेरच होती. वरून आवाज आला, "आवळ आते."

मी आवळले. पुरेसं आवळलं की वाजणाऱ्या टॉर्क पान्याने दोन्हीकडे टक् केलं. खूप वेळाने तिने विचारलं, "झायं का?" मी म्हणालो, "नही, थांब जरा."

उद्याचं ती अजून काही बोललेली नाही. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहितो: बोल्ट केव्हाच आवळून झाले होते, आप्पा. झालं म्हटलं तर ती उतरेल, याची मला भीती वाटली.