कॉलेजमागच्या दोन खोल्या

१८ जून, मंगळवार
आज चौथं घर. सिव्हिल लाईनमध्ये. मालकानं फाटक उघडलंच नाही, आतूनच विचारलं किती जण. मी म्हटलं मी अन् पोरगी, यजमान शेतीवर, चिचगडला. मग नको म्हणाला, एकट्या बायांना देत नाही. कालच्यानं उलटं सांगितलं होतं, माणूस येणार-जाणार असेल तर नको.

हर्षाचं अकरावी सायन्सला नाव लागलं. कॉलेज एक तारखेपासून. देवरी, सालेकसा, अर्जुनी, सगळा जिल्हा कॉलेजच्या आसपास खोली शोधून राहिला. एक ठिकाणी जिन्याखालची जागा दाखवली, तीही संध्याकाळपर्यंत गेली.

स्टँडवर कुंदाताई भेटली. अॅडमिशनच्या लाईनीत माझ्या मागं होती ती, कोहमाऱ्याची. तिची प्राची हर्षाच्याच वर्गात. तिचीही तीच गत. बस यायला वेळ होता, तिच्या डब्यातली अर्धी चपाती मला दिली. ठरलं, उद्यापासून दोघी मिळून फिरू.

२० जून, गुरुवार
दिवसभर पायपीट. कुं.ची चाल भरभर, मला दम लागतो. चालता चालता तिनं स्वतःचं सगळं सांगून टाकलं. नवरा पिऊन मारायचा. तीन वर्षं झाली, पोरीला घेऊन निघाली. हायवेवरच्या ढाब्यावर सकाळच्या पोळ्या करते, दुपारी घरी. "विचारलं तं मी सांगतेच. लपवून कायले राहू?" म्हणाली. आज दोन जागी याच पायी नकार मिळाला. दुसऱ्या बाईनं तर हिच्याकडं पाहणंच बंद केलं, माझ्याशीच बोलत राहिली.

मी म्हटलं, लोकांचं मन लहान असते. अगदी मनापासून म्हटलं.

२२ जून, शनिवार
घर सापडलं. म्हणजे कुं.नं शोधलं. कॉलेजच्या मागच्या गल्लीत भाजी घेताना भाजीवालीनं सांगितलं, तिनं लगेच मला फोन लावला, तुमीबी या पाह्याले. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, बोरिंगचं पाणी, गच्चीवरून कॉलेजची भिंत दिसते. पोरी घंटा ऐकून निघाल्या तरी पोहोचतील. मालकीण म्हातारी, एकटी, हिंदी बोलणारी. सगळे अम्माजी म्हणतात. आधी कुं. बोलली होती, म्हणजे खोली तिचीच. अम्माजीनं दोघींचे नंबर घेतले, कळवते म्हणाली.

संध्याकाळी मला फोन. खोली मला द्यायची आहे. कुं.ला नाही. का ते मी विचारलं नाही. मी काही बोलली नव्हती. हो म्हणून टाकलं.

२३ जून, रविवार
हर्षाचे बाबा खूश. म्हणे एवढ्या गर्दीत तुले भेटली कशी.

कुं.चा फोन आला. "तुमाले भेटली ना. बरं झालं." एवढंच. मी म्हटलं मला फार वाईट वाटून राहिलं, तुमच्यासाठी पण बघते मी. हो म्हणाली अन् ठेवून दिला. बरं वाटलं, जास्त बोलली नाही ते.

३० जून, रविवार
सामान आणलं. गॅस, दोन गाद्या, तांदळाचं पोतं, हर्षाचा टेबल. अम्माजीनं येऊन सगळं पाहिलं अन् म्हणाली, शरीफ लोग मिलना मुश्किल है आजकल. मी खाली वाकून पोतं सरकवत राहिली.

३ जुलै, बुधवार
हर्षा सांगत होती, प्राची रोज कोहमाऱ्याहून येते. पहाटे उठते, पहिली बस, तरी पहिला तास बुडतो. फिजिक्सचा. मास्तर दारातच उभं ठेवतात. खोली काही मिळाली नाही त्यांना.

जेवण गेलं नाही.

आता लिहूनच टाकते. २२ तारखेला 'मी काही बोलली नव्हती' असं लिहिलं ते खोटं आहे. कुं. गच्चीवर पाण्याची टाकी पाहायला गेली होती. अम्माजीनं मला हळूच विचारलं, इसका आदमी क्या करता है. मी सांगू शकत होती की तिलाच विचारा. किंवा सांगायचं होतं की मारायचा म्हणून सोडला, बाई कष्टाळू आहे. मी काय म्हटलं? "आदमी नहीं रहता साथ में. ढाबे पे काम करती है, हाईवे पे. ट्रकवाले आते-जाते रहते हैं. मैं ज़्यादा नहीं जानती." अन् मान खाली घातली.

यातला एकही शब्द खोटा नाही. तेच तर. मान खाली घालायची काय गरज होती? मला माहीत होतं अम्माजीला काय ऐकू जाईल. तसं ऐकू जावं म्हणूनच बोलली. २० तारखेला जी बाई कुं.कडं पाहत नव्हती तिला मी मनात शिव्या दिल्या होत्या.

कुं. गच्चीवरून उतरली तेव्हा हसत होती. टाकी मोठी हाय म्हणाली.

७ जुलै, रविवार
घरी गेली होती, रोवणीसाठी. दिवसभर धानाच्या बांधीत वाकून. पऱ्ह्यांतली रोपं चांगली आली यंदा. दुपारी डबा खाताना यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "खोटं तं नाई ना बोलली?" मी म्हटलं नाही. "मंग कायले जिवाले लावून घेऊन राहिली? आपल्या पोरीचं पाह्यलं, एवढंच ना." हात धुऊन परत बांधीत उतरले.

यांनी रागावलं असतं तर बरं झालं असतं.

१० जुलै, बुधवार
हर्षानं परस्पर प्राचीला विचारून टाकलं, आमच्याकडं राहाते का. प्राची म्हणाली आईला विचारते. घरी येऊन मला सांगते, जणू माझा होकार धरलेलाच. मी फटकन म्हटलं, जागा कुठं आहे, अम्माजी चालू देणार नाही, तुले कोणी सांगितलं होतं विचारायला. पोरगी म्हणाली, "गावी मामाचे सगळे येतात तेव्हा आपण आठ जण झोपतो एका खोलीत."

तिला कसं सांगू की जागेचा प्रश्न नाही. अम्माजीला विचारायचं तर तिच्यासमोर कुंदाचं नाव घ्यावं लागेल. अन् आधी माझं बोलणं परत घ्यावं लागेल.

१२ जुलै, शुक्रवार
गेली खाली. अम्माजी तांदूळ निवडत बसली होती. दोनदा बोलायला लागली अन् दोनदा पाण्याच्या टाकीचंच बोलली. तिसऱ्यांदा सांगितलं. की त्या बाईबद्दल मी जे म्हटलं ते सगळं खरं, पण म्हटलं अशा रीतीनं की तुम्ही चुकीचं समजावं. ती बाई इज्जतीनं कमावून खाते, माझ्यापेक्षा खरी आहे.

अम्माजीनं सूप खाली ठेवलं. "मतलब तुझे कमरा चाहिए था."

हो म्हटलं.

मी प्राचीचं विचारलं, आमच्यासोबत राहिली तर चालेल का. म्हणाली, रायपूरहून तिचा मुलगा रविवारी संध्याकाळी येतो, तोच ठरवेल. जिना चढायला लागली तर मागून आवाज आला, "उसका भी, और तेरा भी."

हर्षाला एवढंच सांगितलं की विचारलं आहे.

१४ जुलै, रविवार
हर्षानं प्राचीला ये म्हणून फोन करून टाकला होता. दुपारी कुं. आली, प्राचीला घेऊन, बॅगेसकट. मी दारात पाहून गारच पडली. अजून काही ठरलं नव्हतं. पोरींना वही आणायला दुकानात पाठवलं. चहा ठेवला. मग ओट्याकडं तोंड करूनच म्हटलं, कुंदाताई, तुम्हाला खोली नाही मिळाली ती माझ्यामुळं.

"मले मालूम हाय," ती म्हणाली.

अम्माजीनं २२ तारखेलाच तिला फोनवर सांगितलं होतं. तुमच्या सोबतच्या बाईनंच सांगितलं, म्हणून. म्हणजे २३ तारखेला 'बरं झालं' म्हणाली तेव्हा तिला सगळं माहीत होतं. मी तिला सांगत होती, वाईट वाटून राहिलं म्हणून.

मी विचारलं, मग काऊन आल्या?

"प्राची बसमधी झोपून जाते. परवा घरी जाताना कोहमारा गेला तरी उठली नाई. कंडक्टरनं अर्जुनीले उतरवलं, मी रडत गेली आणाले." चहाचा कप तिनं हातात घेतला नाही, समोर ठेवू दिला. "मी तुमच्यासाठी नाई आली. पोरीसाठी आली. तुमीबी पोरीसाठीच केलं ना."

एवढं बोलून उठली अन् जिन्यात जाऊन बसली. मी माफी मागायची ठरवली होती, शब्द जुळवून ठेवले होते. त्यातला एकही बोलता आला नाही. बोलली असती तर तिला माफ करावं लागलं असतं, अन् ते ओझं तिच्यावर टाकायचा मला काय अधिकार?

अम्माजीचा मुलगा आज संध्याकाळी येतो, तोच ठरवेल, हे मी तिच्या मागं जिन्यात उभं राहून सांगितलं. प्राचीलाच नाही, मला अन् हर्षालाही नाही म्हणू शकतो, हेही. तिनं वळून पाहिलं नाही, पण थोडी सरकली. तेवढ्यात पोरी आल्या अन् मधून वर गेल्या.

साडेपाच झाले. पोरी आतमध्ये फिजिक्सचं पुस्तक उघडून बसल्या आहेत. कुं. जिन्यातच आहे. कोहमाऱ्याची शेवटची बस सातला, तिनं अजून वेळ विचारली नाही. खाली गाडीचं दार वाजलं, मुलगा आला असेल. अम्माजी कोणाशी तरी बोलून राहिली, शब्द कळत नाहीत. जाते खाली. कुं. पण उठली.