रंजनीचा बोलका फोन

पेरुंगुडी, चेन्नई
१२ जून २००६

ती. सौ. त्रिपुराअक्कास विजयेंद्राचा शि. सा. न.

इकडे सर्व क्षेम. तुझं लोणचं पोचलं. सुष्मिता म्हणते, मीठ जास्त झालंय.

आपल्या रंजनीला नवं खूळ लागलंय. माझा जुना फोन तिला दिला, तर त्यात बोलणारा प्रोग्रॅम हवा म्हणते. बटण दाबलं की फोन पडद्यावरचं वाचून दाखवणार म्हणे! आंधळा एक डोळा मागतो म्हणतात. आमच्या बाईसाहेबांना बोलणारा फोन हवा. आलेले निरोप वाचायला मी आहे, सुष्मिता आहे. हे सगळं तिची मैत्रीण सरोजा डोक्यात भरवते. तीही आंधळीच.

तुझ्यापुरतं ठेव. अड्यारच्या एका शाळेने तिला इंग्रजी शिकवायला बोलावलं होतं. तिच्या फोनवर निरोप आला, तो मी पुसला आणि परस्पर नकार कळवला. लोक काय म्हणतील, भावाने आंधळ्या बहिणीला कमवायला धाडलं? ती अजून वाट बघते आहे.

लोभ असावा, आणि तिला चार शब्द सुनाव.

तुझा
विजयेंद्र

अड्यार, चेन्नई
९ जुलै २००६

ती. दादास,

सा. न. वि. वि. नमस्कार रीतीचा आहे, मनापासूनचा समजू नकोस.

चार दिवस म्हणून सरोजाकडे आले, तिने फोनमध्ये तो प्रोग्रॅम घालून दिला. आवाज सर्दी झालेल्या मडमेचा, आपली नावं तर पार चावून टाकते. तरी जेवण सोडून ऐकत बसले. आलेला निरोप तू पुसलास, पाठवलेला तसाच ठेवलास. आंधळी कुठे बघायला जाते! मडमेने तो सरोजासमोर वाचला, मी आंधळी आहे, मला हे काम झेपणार नाही, खाली नाव रंजनी. शाळेने नाकारलं असतं तर सोसलं असतं रे. तू माझ्याच नावाने मला नाकारलंस. तुझी कीव येते.

अक्काला फोन केला तेव्हा ती रडली, तुझ्या पत्राचं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी तंजावरहून आली. हे अक्षर तिचंच, ओळखलं असशील. लोणच्यात मीठ बरोबर होतं, हेही लिहिते म्हणाली.

शाळेतली ती जागा गेली. पण मी मुख्याध्यापिकाबाईंशी बोलले, आणि काल त्यांचा निरोप आला. एक बाई बाळंतपणाच्या रजेवर जातात, त्या परत येईपर्यंत ये म्हणाल्या. तो मी स्वतः वाचला, उत्तरही मीच दिलं. उद्यापासून जाते. राहणार इथेच, सरोजाकडे.

वहिनीला नमस्कार. लोभ किती ठेवायचा ते तुझं तू बघ. माफी मागायची असेल तर निरोप पाठव. फोन मोठ्यांदा वाचतो, शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल.

तुझी
रंजनी