दंडावरचा कापूस

मुलुंड, मंगळवार

तीर्थरूप वनमालाताईस,

धाकट्या नितेशचा साष्टांग नमस्कार (दोन्ही दंड सोडून, ते सध्या कुठंच टेकत नाहीत). तुझ्या सासूबाईंचे गुडघे आणि भावोजींचा खोकला बरा असेलच. तू गावची आशा सेविका, सगळ्यांची पोरं टोचायला धरून आणतेस, म्हणून हे तुलाच लिहितो. आईला वाचून दाखवू नकोस.

गेल्या वर्षी आमच्या हॉस्पिटलात सगळ्या स्टाफला कावीळ ब ची लस द्यायचं ठरलं. डोस तीन. टोचणार नलिनी सिस्टर, आणि कापूस लावून रजिस्टरात खूण करणार मी, वॉर्डबॉय. (आठवी नापास माणसाच्या हातात रजिस्टर दिलं, तिथंच वाट लागली.) पेशंटना "काय नाय ओ, मुंगी चावल्यासारखं" सांगणारा मी, पण सुई माझ्याकडे वळली की मी दाराकडे वळतो. तेव्हा सगळे आटपल्यावर स्वतःच्या नावापुढे खूण केली, दंडाला कापूस चिकटवला, "आई गं" केलं आणि बिस्किटाचा पुडा घेतला. तिन्ही वेळा! तिसऱ्यांदा तर ताप आला म्हणून सुट्टीपण मारली. सफाईवाला खंडू बिचारा पेज घेऊन खोलीवर आला. मी प्यायलो.

गेल्या गुरुवारी कचऱ्याची काळी पिशवी उचलताना कुणीतरी चुकून टाकलेली वापरलेली सुई बोटात घुसली. कुणाला टोचलेली, देव जाणे. सिस्टरने रजिस्टर बघितलं आणि म्हणाली, "तुझे तिन्ही झालेत रे, घाबरतोस कशाला?" गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं, माझ्या रक्ताशिवाय. माझ्याच हातच्या त्या तीन खुणा बघितल्या आणि तिच्यापुढे सगळं खरं ओकून टाकलं. "मेल्या," सिस्टर म्हणाली, "सुई काय रजिस्टर वाचून आत शिरते?" आणि तिथल्या तिथं दोन्ही दंडांत एकेक, एकात लस, दुसऱ्यात तातडीचं औषध. मी छाती काढून बसलो होतो. रक्त तपासायला गेलंय, पुढे परत तपासणार. तोवर रोज आरशात डोळे बघतो. पिवळे वाटतात. खंडू म्हणतो, बल्ब पिवळा आहे.

तुझा भाऊ,
नितेश

ता. क. – छाती काढून हे खोटं. खंडूने पाय धरले होते, लिफ्टमनने बाकीचा नितेश.

ता. क. दुसरा – आता पत्राचं खरं कारण. मे महिन्यात मी तुझ्याकडे असताना नर्सबाई तुम्हा आशांना हीच लस द्यायला आल्या, तेव्हा तू गोठ्यात लपलीस आणि "घरात नाय म्हणून सांग" असं मलाच सांगितलंस. सांगितलं मी. पण बाळंतिणींबरोबर तूच असतेस गो, रक्तात हात तुझेच जातात. तेव्हा काल नर्सबाईंना फोन करून खरं पण मीच सांगितलं. शुक्रवारी येतायत. आधी गोठ्यात बघणार आहेत.