अबोलीचा बाप्तिस्मा

मरोळ गावठाण, अंधेरी (पूर्व)
उपवासकाळातला शुक्रवार

प्रिय अबोली,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर मुद्दाम पाठवतेय. चारकोपला पाठवलं असतं तर आधी तुझ्या बाबांनी उघडलं असतं, आणि फोनवर लिहिलं असतं तर आमच्या नेव्हिलने तुझ्या खांद्यावरून वाचलं असतं. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली माझी. एकाचं बोलणं भलत्याच्या कानावर कसं पडतं ते मला ठाऊक आहे. शिवाय कागदावर लिहिताना मला जीभ आवरता येते. थोडीफार.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आले, बोंबील तळायला घेतले, तेवढ्यात नेव्हिलने बातमी दिली. तू ईस्टरला बाप्तिस्मा घेणार आणि मी तुझी गॉडमदर होणार. लग्न त्यानंतर. मला विचारलं नाही हं, कळवलं. मी ‘बघू’ म्हटलं, ते त्याने ‘हो’ धरलं. दुपारपर्यंत आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत. शेजारची एकजण दारातूनच ओरडली, “सेसिलिया, जिंकलीस गं!” मी विचारलं, मॅच कधी होती? ती हसली. मी हसले नव्हते.

तुला वाटेल, आंटीला आनंद व्हायला हवा होता. हवाच होता. मी जुन्या वळणाची बाई आहे, तू बघतेसच. शुक्रवारी घरात मटण शिजत नाही, संध्याकाळी माळेच्या प्रार्थनेच्या वेळी टीव्ही बंद म्हणजे बंद, मग भारताची फायनल असली तरी. लग्न एकदाच करायचं असतं, पोटातलं मूल हे मूलच असतं, आणि रविवार हा मॉलमध्ये भटकायचा दिवस नाही, असं मी मानते आणि कुणी मागासलेली म्हटलं म्हणून सोडणार नाही. तुझ्या त्या मैत्रिणीने, गंधालीने, साखरपुड्याला मला विचारलं होतं, “आंटी, आजच्या जगात हे सगळं रिलेव्हंट आहे का?” मी म्हटलं, बाळ, आजचं जग काल कुठे होतं? बिचारी पुन्हा माझ्या वाटेला गेली नाही.

म्हणून नेव्हिलची मतं मला खुपतात असं समजू नकोस. निम्मी मतं त्याने माझ्याकडूनच उचलली आहेत. पण गेल्या दोन वर्षांत तो अमेरिकेतल्या दाढीवाल्यांचे व्हिडिओ बघायला लागला आणि ती मतं त्याच्या तोंडून अशी येतात की मलाच ओळखू येत नाहीत. परवा जेवताना म्हणतो, “ममा, वेस्टर्न सिव्हिलायझेशन वाचवायला हवं.” मी म्हटलं, आधी ताट उचल. मग मात्र राहवलं नाही. अरे, तुझा पणजोबा या मरोळमध्ये भात लावत होता. तुझी आजी लुगडं नेसून मिस्साला यायची. लग्नाच्या आदल्या दिवशी आपण बँड वाजवत विहिरीवर नवरा-नवरीच्या आंघोळीचं उंबराचं पाणी आणायला जातो. यात वेस्टर्न काय आहे ते दाखव मला. तर म्हणे, “तुला बिग पिक्चर कळत नाही.” तिकडचे ते लोक संख्येने भरपूर, सत्तेच्या जवळ बसलेले, आणि तरी रोज उठून आपल्याला कोण छळतंय याच्या याद्या वाचतात. त्यांच्या मापाचा राग आपल्या अंगाला कसा बसावा? आपण चार गल्ल्यांमधली माणसं. मी ज्याच्यापुढे गुडघे टेकते, त्याच्या नावाने माझा मुलगा बाह्या सरसावतो. मला ते बघवत नाही.

उलट बाजूचाही मला तितकाच संताप येतो, तो का लपवू? पेपरात येतं, कुठे प्रार्थनासभा बंद पाडली, कुठे धर्मांतराच्या संशयावरून नन्सना स्टेशनवर अडवलं. माझं डोकं फिरतं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये निम्म्या मुली हिंदू होत्या. सिस्टरनी वेणीची रिबन वाकडी असली तर हातावर पट्टी मारली, पण देव बदल असं एकीलाही म्हटलं नाही. सगळ्या हिंदूच राहिल्या. काहीजणी तर आता व्हॉट्सॲपवर जास्तच हिंदू झाल्यात. आम्ही कुणाला ओढत नाही, हे मी बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये, बँकेच्या रांगेत, रिक्षात बसूनसुद्धा ठणकावून सांगितलंय.

आणि म्हणूनच रविवारपासून मला नीट जेवण गेलेलं नाही.

तुझे बाबा लग्नाचं बोलायला आले होते तो दिवस आठव. तुझ्या आई, मृणालिनीताई, साडीच्या पदराशी चाळा करत बसलेल्या, आणि नंदकिशोरराव ताठ. मी तळलेल्या फुग्या खाल्ल्या, बऱ्या आहेत म्हणाले, आणि मग हात पुसत म्हणाले, “बाई, मुलगी देतोय. तिचा देव देत नाही.” मला राग यायला हवा होता, पण माणूस आवडला. तेही संस्कृती धोक्यात असल्याचंच म्हणतात. त्यांना आणि नेव्हिलला एका बाकावर बसवलं तर एकमेकांची भाषणं पुरी करतील. पण त्या दिवशी ते भाषण करत नव्हते, बाप म्हणून बोलत होते. मी म्हटलं, तिच्या मनाविरुद्ध या घरात काही होणार नाही. नेव्हिल शेजारीच बसला होता.

आता बाप्तिस्मा म्हणजे काय, ते मला सांगू दे. तो हॉल बुक करायची पावती नाही. फादर सगळ्यांसमोर तुला विचारतील, विश्वास ठेवतेस का? तुला ‘ठेवते’ म्हणावं लागेल. त्या वेळी माझा हात तुझ्या खांद्यावर असेल. त्या हाताचा अर्थ असा की हिचं खरं आहे, मी साक्षीला आहे. मे महिन्यात आमच्या क्रूसापाशी माळ म्हणायला तू आली होतीस, उकडलेले चणे खात मला म्हणालीस, “आंटी, इथे बसलं की शांत वाटतं. पण तुमच्यासारखा विश्वास वगैरे माझ्यात नाही हं, खोटं कशाला बोलू?” मला तू तेव्हा फार आवडलीस. मग आता ईस्टरला मी कशाची साक्ष देऊ? तू ख्रिस्ती झालीस तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही; रोज संध्याकाळी तुझं नाव घेते मी. पण तू स्वतः चालत यायला हवीस. आमच्या विश्वासाला एवढी तरी किंमत आहे.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते लिहिते. बुधवारी मी फादरना जाऊन भेटले. नेव्हिलने तुला सांगितलंय ना, की बाप्तिस्मा घेतल्याशिवाय चर्चमध्ये लग्न लागत नाही? ते खरं नाही. बिशपांची परवानगी मिळते, तू जशी आहेस तशी वेदीपुढे उभी राहू शकतेस. पुढे मुलांना ख्रिस्ती वाढवण्याचा प्रयत्न करीन असं वचन नेव्हिलला द्यावं लागेल, आणि ते तुला आधी सांगितलं जाईल. तेही लपवत नाही. फादर चकित झाले. म्हणाले, “पण हे सगळं मी नेव्हिलला गणपतीच्या सुट्टीतच समजावलं होतं.” म्हणजे तो चुकला नव्हता, अबोली. त्याला माहीत होतं. गॉडमदर व्हायला मी फादरना तिथेच नकार दिला. नेव्हिलला आज संध्याकाळी सांगेन, पण पत्र आधी टपालात टाकते, नाहीतर त्याचं तोंड बघून माझा धीर सुटेल. “माहीत असून तू मला का सांगितलं नाहीस?” एवढंच त्याला विचार, आणि तो काय उत्तर देतो त्यावर तुझं तू ठरव. त्याच्या बाजूने मी एक शब्द लिहिणार नाही. एकुलता एक आहे तो माझा. तू त्याला नाही म्हणालीस तर ते या पत्रामुळे, हे तो मला जन्मभर ऐकवील, आणि मी ऐकून घेईन.

तुझीच,
सेसिलिया आंटी