नुसतं बसायचं काम

२ नोव्हेंबर
पोचले एकदाची. सरिता स्वतः सोडायला आली. वाशिंदच्या कंपनीत आम्ही दोघी एकाच लाइनवर पॅकिंगला होतो. संधिवातानं माझी बोटं वळेनाशी झाली आणि माझं काम सुटलं, तिचं चालू आहे. मग मी डब्याच्या ऑर्डरी घेऊन पाहिल्या, पण कणीक मळता येईना. शिलाई मशीन विकलं, भाड्याची खोली सोडली, भावाकडे राहिले. भाऊ काही बोलला नाही, वहिनीही नाही. पण दुसरी भाकरी घेताना माझाच हात अडायचा. तहसीलला निराधारचा अर्ज दिलाय. तोवर हे.

हे म्हणजे सरिताचं सासर, धसईच्या पुढे, शेतातलं घर. सासू सोनूबाई आणि सासरे नथूबाबा दोघंच राहतात. बाबांचे गुडघे गेलेत. सोबतीला माणूस हवं होतं. राहणं, जेवण, वर महिन्याचा पगार. काम काय, असं मी पुन्हा पुन्हा विचारलं, तर सोनूबाई हसल्या. "काम कसला गो? नुसती बस."

पडवीत माझी खाट. समोर कापलेल्या भाताचे भारे, वाळत्या पेंढ्याचा वास. बाबासाहेबांचा फोटो लावायला सोनूबाईंनीच खिळा शोधून दिला. समीक्षाला फोन केला. कल्याणला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे पोरगी, होस्टेलवर राहते. तिच्या मेसचा प्रश्न आता सुटला. फोन ठेवल्यावर आनंदानं रडू आलं.

९ नोव्हेंबर
सकाळी बोटं लाकडासारखी होतात. सोनूबाई न सांगता गरम पाण्याचं घमेलं आणून ठेवतात. इतकी माया सख्ख्यांनी केली नव्हती. आज माझा हात बाबांच्या हाताला लागला, तर ते दचकले. "तुजा हात ऊन हाय गो पोरी." सुजलेले सांधे गरमच असतात, मी म्हटलं. त्यांनी माझा तळवा गुडघ्यावर ठेवून घेतला आणि बसल्या बसल्या झोपले. शेक मिळाला असेल.

१५ नोव्हेंबर
नथूबाबा काठी न घेता खळ्यापर्यंत चालत गेले! भात झोडणारे गडी हातातलं काम टाकून बघत राहिले. मलाही बरं वाटलं. माझे मात्र दोन्ही गुडघे सुजलेत. हा आजार एका सांध्यावर थांबत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

२६ नोव्हेंबर
आता माणसं येतात. कुणाची कंबर, कुणाचा खांदा. बसतात, हात धरतात, जाताना तांदूळ, अंडी, वालाच्या शेंगा ठेवून जातात. काहीजण पैसेही. एका बाईनं माझ्यापुढं हळदकुंकू वाहिलं. मी ते पुसून टाकलं आणि स्पष्ट सांगितलं, मी देव मानत नाही, माझ्यात काही नाही, गरम हातानं आराम पडतो इतकंच. तिनं मान डोलावली आणि पुन्हा माझा हात धरला. माझ्या आजीच्या हातचं पाणी अशा घरांत चालत नव्हतं, हे आई सांगायची. आज त्याच हातासाठी ओटीवर माणसं बसून आहेत. खोटं का लिहू? ऊर भरून आला. समीक्षाला पैसे पाठवले. मी पुन्हा कमावतेय.

रात्री कंबर धरली. खांदाही.

८ डिसेंबर
शेजारच्या बुधूच्या डोळ्यात मोतीबिंदू वाढलाय. काल त्यानं माझा तळवा डोळ्यावर दाबून धरला होता. आज सकाळपासून मला डाव्या डोळ्यानं धुरकट दिसतंय. मुरबाडच्या डॉक्टरांना दाखवलं. संधिवाताच्या गोळीनं असं होऊ शकतं, ती थांबवा, तपासणी करू, म्हणाले. हायसं वाटलं. गोळीचंच असणार.

परत येताना बुधू दारात मासे धरायचं जाळं विणत बसला होता. बारीक बारीक गाठी. जाळं डोळ्यांजवळ न धरता.

१७ डिसेंबर
सोनूबाईंना सांगितलं, आता पुरे, कुणाला येऊ देऊ नका. त्या रागावल्या नाहीत. माझे केस विंचरत होत्या, तशाच विंचरत राहिल्या. इथं तुला काय कमी आहे, विचारलं त्यांनी. मग हळूच म्हणाल्या, "दुसरा कंचा काम जमंल तुला?"

दिवसभर विचार केला. उभं राहायचं काम नाही. बसून करायचं नाही. बोटांचं नाही, डोळ्यांचं तर आता नाहीच. मला येतं ते एवढंच. आजारी असणं.

दुपारी ओटीवर पुन्हा माणसं होती. मी हात पुढे केला.

२४ डिसेंबर
गावातल्या ठमीनं नवऱ्याला, मंगळूला, घोंगडीत घालून आणलं. त्याचं अर्धं अंग गेलेलं, तोंडातून लाळ. मी हात पदराखाली घेतले. नाही म्हटलं. रडले. ठमीही रडत होती. रडता रडताच तिनं माझा हात बाहेर ओढला, बाळाचा ओढावा तसा, हळू.

मंगळू चालत घरी गेला. घोंगडी खांद्यावर टाकून.

माझा उजवा पाय —

३० डिसेंबर
डाव्या हातानं लिहितेय. उजवा उचलत नाही. फोन आत चार्जिंगला आहे म्हणतात. नेहमी चार्जिंगलाच असतो. काल सरिता आली. मी तिचे पाय धरायचेच बाकी ठेवले. मला ने, भावाकडे सोड, नाहीतर सरकारी दवाखान्यात टाक. ती बाजूला सरकली. मग तिच्यामागून तिची आई पुढं आली. खोकत होती.

त्या खोकल्याचं रक्त आज माझ्या रुमालाला —

३ जानेवारी
म्हसा गावची जत्रा भरली. जत्रेला निघालेले टेम्पो आधी इथं थांबतात. अंगण भरलंय. कुणी ढकलत नाही, कुणी ओरडत नाही. मीठभाकर खातात, वाट बघतात. पोटाच्या गाठी, फेफरं, सडलेली बोटं. सगळे माझ्याकडे मायेनं बघतात.

समीक्षाला येऊ नको सांगायला फोन मागितला. सोनूबाई म्हणाल्या, त्यांनीच तिला बोलावलंय.

४ जानेवारी
समीक्षा आली. मला बघून दारातच थांबली. मग धावत आली. मी ओरडले, हात लावू नको. तरी मिठी मारली. जीप सांगून ठेवलीय म्हणते, रस्त्याला उभी आहे, आत्ता निघायचं. चार माणसं उचलायला मागितली तिनं. अंगणातून एकही उठला नाही.

पोरगी अशक्त झालीय. मी विचारलं. आधी नाही म्हणाली. मग सांगितलं, सकाळी बोटं आखडतात, बारीक ताप असतो. तुझ्यावर खर्चाचा भार नको म्हणून बोलले नाही मम्मी.

हे सोनूबाईंनी ऐकलं. पुढं होऊन तिचा हात हातात घेतला. अंगणाकडं वळून म्हणाल्या, "हिचा पन ऊन हाय."

माणसं उठायला लागली —

समीक्षा हात सोडवतेय. हसून सोडवतेय, तिला कळलेलं नाही. पुढची बाई तिच्याकडं — दुसरी —

तिला ओढून जवळ घेतलं. कानात सांगितलं, मागच्या दारानं, बांधावरून, पळ, जीपपर्यंत थांबू नको. नाही म्हणाली. मी तिला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा. गेली.

ते बघतायत तिच्याकडं. बुधू बांधाकडं निघालाय. मंगळू पण, धावत —

मी खाटेवरून खाली पडले. ओरडले. इकडं या. सगळे या, एकदम या, कुणाला नाही म्हणणार नाही. मंगळू थांबला. वळला. सगळेच वळले.

दोन्ही पाय पुढं केलेत. उजवा हात मांडीवर उघडा ठेवलाय. जीपचा आवाज येतोय, सुरू झाल्यासारखा. बांधावर लाल ओढणी आहे का — एका डोळ्यानं नीट — गेली वाटतं, गेली —

आले. पहिली बाई माझा हा हात मागतेय, लिहायचा. थांब म्हटलं, जरा थांब, एवढं ए